डोळे टाकीवर, हात पिशवीत

आमच्या कंपनीच्या गेटवर बायकांच्या पिशव्या तपासायला ज्या मावशी होत्या, त्यांनी तीन वर्षं रोज माझी पिशवी तपासली आणि एकदाही ती पाहिली नाही.

हे कसं, ते सांगते. चाकणला आमची कंपनी गाड्यांच्या आतल्या वायरींचे जुडगे बनवते. प्रत्येक वायरीच्या टोकाला पितळेचं एक बारकं टर्मिनल बसतं, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं. एकाला काही किंमत नाही, पण मूठभर झाली की भंगारवाला घेतो. म्हणून साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली की गेटवर दोन रांगा लागतात, एक पुरुषांची, एक आमची. बायकांच्या पिशव्या बाईनेच तपासायच्या, आणि तपासल्याशिवाय कुणालाही बाहेर सोडायचं नाही, असं चौकीच्या भिंतीवर पाटी लावून लिहिलेलं आहे.

मी त्याआधी भोसरीत दोन ठिकाणी काम केलं होतं. एका ठिकाणी पिशवीत बॅटरी मारून बघायचे. दुसरीकडे सगळं टेबलावर ओतायला लावायचे. मागे उभ्या असलेल्यांना आपला कंगवा, आपल्या गोळ्या, कागदात गुंडाळलेलं जे असेल ते, सगळं दिसायचं. मी रोज मान खाली घालून भराभर गोळा करायची आणि एखादी वस्तू तिथेच राहायची.

इथे पहिल्या दिवशी मी पिशवी उघडून धरली आणि मावशी मान वर करून कॅन्टीनच्या मागच्या पाण्याच्या टाकीकडे बघायला लागल्या. मला वाटलं टाकीवर कुणी चढलंय. मीही बघितलं. कुणी नव्हतं. तोवर त्यांचा हात माझ्या पिशवीतून फिरून बाहेर आला होता.

"जा."

"झालं?"

"मग काय ववाळू?"

मागच्या बायका हसल्या. मी लाजून पळाले.

अंगाने त्या किरकोळ होत्या. पाचवारी साडी, तिच्यावर सिक्युरिटीचा निळा शर्ट, कमरेला पट्टा, आणि डोक्यावरच्या पदरावर टोपी. कंपनीने त्यांना पँट दिली होती. ती त्यांनी कापून नातवाच्या मापाची करून घेतली असं सगळे म्हणायचे. टोपी डोक्यावर असेपर्यंत त्यांना मॅडम म्हणायचं. टोपी खुंटीला लागली की मावशी. कुणी चुकलं तर त्या ऐकू न आल्यासारखं करायच्या. एकदा एका बाईने टोपी असताना "मावशी, पाणी आहे का" असं चार वेळा विचारलं. मावशींनी आधी टोपी काढली, मग तिला तांब्या दिला, मग टोपी परत घातली.

त्या जवळच्याच गावच्या. जिथे आता आमच्या बसगाड्या उभ्या राहतात तिथे त्यांच्या सासऱ्याचं खळं होतं. ड्रायव्हर नीट गाडी लावत नसला की त्या ओरडायच्या, "आरं, खळ्यात आडवा कुठं घालतो? सरळ घे!" नवीन ड्रायव्हरला काही कळायचं नाही.

शिफ्ट सुटायच्या दहा मिनिटं आधी त्या साबणाने हात धुवायच्या. थंडीत धुतल्यावर एकमेकांवर घासून गरम करायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "गार हात कुनाच्या पिशवीत घालावा का? तुझ्या घरात कुनी वल्ल्या पायांनी आलं तर चालंल?"

आणि टाकीकडे का बघता, हे तर प्रत्येकीने कधी ना कधी विचारलेलं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"डोळा लबाड आसतो. त्याला जे बगायचं तेच बगतो. हाताला तसं न्हाई. आन बाईची पिशवी म्हंजी तिचं माजघर हाय. मला पगार मिळतो म्हून मी शिरते आत. पन दिवा घिऊन न्हाई शिरनार."

त्यांच्या हाताला काय काय कळायचं, ते बघून पहिल्यांदा भीतीच वाटायची. टाकीकडे बघत त्या हळू आवाजात, पुढचीलाच ऐकू जाईल इतकं, काहीतरी सांगायच्या. "बाम सुकलंय, टाक आता." "लाइट बिलं किती गं साठवलीस? भरल्याती ना? मग सोड त्यास्नी." "ह्या गोळ्या गेल्या सोमवारी बी इतक्याच हुत्या. घेतीस का नुसती हिंडवतीस?" "डबा उलटा ठेवलाय, रस्सा गळतोय." माझ्या पिशवीत आधार कार्डाच्या झेरॉक्सच्या सहा प्रती होत्या. कुठेही गेलं की झेरॉक्स मागतात म्हणून मी ठेवायची. त्यांनी एक दिवस बोटांनीच मोजल्या असाव्यात. "सहा जणी हायत का तू?" म्हणाल्या.

आमच्या पिशव्यांत असतं तरी काय. डबा, पाण्याची बाटली, छत्री बारा महिने, आरशाला चिकटवलेल्या वापरलेल्या टिकल्या, एकच कानातलं कारण दुसरं सापडेल अशी आशा, सेफ्टी पिनांचा झुपका, अंगाऱ्याची पुडी, पोराच्या शाळेची सूचना, रेशनच्या कार्डाला गुंडाळलेला रबर, बडीशेप, अर्धी चिक्की, सुई-दोरा. घरी कुणी बघितलं तर म्हणतं, किती कचरा घेऊन फिरतेस. मावशी कधी कचरा म्हणाल्या नाहीत. "उशिरा लागनाऱ्या वस्तू," असं म्हणायच्या.

आणि एका पिशवीतलं त्यांनी दुसरीला कधी सांगितलं नाही. आमच्या लाइनवर एक होती, तिने सहा महिने मंगळसूत्र गळ्यात न घालता पिशवीच्या तळाशी रुमालात बांधून ठेवलं होतं. नवऱ्याला सोडून आली होती आणि आम्हाला कुणाला बोलली नव्हती. आम्ही विचारलं तर म्हणायची, मशिनीत अडकतं म्हणून काढते. पुढे तिने आपण होऊन सगळं सांगितलं, तेव्हा आम्हाला आठवलं की मावशींच्या हाताला ते रोज लागत असणार. तिला विचारलं, तुला काही बोलल्या का? ती म्हणाली, एकदाच. "पिशवीची चेन लावत जा," एवढंच.

माणसं त्या पिशव्यांवरून ओळखायच्या. नावं त्यांच्या लक्षात राहात नसत. "ती तुटक्या बंदाची आली न्हाई आज?" "त्या काळ्या रेक्झिनला सांग, बस निघाली." मला त्या "साडीच्या दुकानवाली" म्हणायच्या, कारण माझी आत अस्तर आणि कप्पा असलेली पिशवी तिथलीच होती. एका दिवाळीला लाइनवरच्या एकीने नवी पर्स घेतली. मोठ्या हौसेने गेटवर उघडून धरली. मावशींनी हात घातला, थांबल्या, टाकीवरची नजर खाली आणून तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नवी भरती का? कार्ड दाखव."

"अवो मॅडम, चार वर्षं झाली मला!"

"आसतील. कार्ड दाखव."

ती बिचारी दुसऱ्या दिवशी जुन्या पर्समधल्या सगळ्या वस्तू नव्यात भरून आली. मावशींनी हात घातला आणि लगेच म्हणाल्या, "हां, ही तू व्हय!"

केळ्याचं सांगायलाच हवं. एकीने पिकलेलं केळं नुसतंच पिशवीत टाकलं होतं. मावशींचा हात मनगटापर्यंत त्याने बरबटला. हात धुऊन आल्या, परत तिच्याच पिशवीत हात घातला, तपासणी पूर्ण केली. पण दुसऱ्या दिवसापासून नियम झाला: केळं हातात धरायचं. दुपारी साडेतीनला गेटवरून जाणाऱ्या कुणाला प्रश्न पडला असेल की या कंपनीतल्या बायका केळी उंच धरून का उभ्या राहतात.

मांजराची गोष्ट तर अजून सगळे काढतात. स्टोअरच्या मागे मांजरीने पिल्लं घातली होती. लातूरकडची एक मुलगी आमच्याकडे होती, तिने एक पिल्लू रुमालात गुंडाळून पिशवीत घेतलं. मावशींचा हात आत गेला आणि थबकला. डोळे टाकीवरच.

"हे ऊन हाय."

त्या मुलीने पिशवी अजून घट्ट धरली.

"हे जित्तं हाय."

"मांजर हाय मॅडम. घरी न्यायले."

"ते कळलं. कंपनीचं हाय का तुझं?"

"कंपनीत झालंय. पण कंपनीचं कसं असंल?"

मावशी विचारात पडल्या. कंपनीच्या आवारातली वस्तू कागदाशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा धर्म. त्यांनी स्टोअरला फोन लावला. तिकडचा माणूस हसायला लागला तर त्याला झापलं. मग गेटपासचं पुस्तक काढलं. त्यात दोन प्रकारचे पास असतात, एक परत येणाऱ्या मालाचा, एक परत न येणाऱ्या मालाचा. मावशींनी त्या मुलीला विचारलं, "परत आननार का?" ती न्हाई म्हणाली. मग दुसरा पास फाडून त्यावर लिहिलं: मांजराचे पिल्लू, नग एक, परत येणार नाही. सही घेतली. पास बसच्या ड्रायव्हरलाही दाखवायला लावला.

त्यांच्या हाताखालून आम्ही सगळ्या जायचो, पण त्यांची पिशवी कोण तपासणार? त्याचाही त्यांनी नियम केला होता. रांगेत जी शेवटची असेल तिने त्यांची तपासायची. मला पुढे घुसता येत नाही, कुणी मध्ये शिरलं तर काही म्हणता येत नाही, त्यामुळे बहुतेक दिवशी शेवटची मीच असायची. पहिल्यांदा त्यांनी आपली कापडी पिशवी माझ्यापुढे धरली तेव्हा मी आत डोकावले.

"बगू नगंस. हात घाल. तिकडं बग, टाकीकडं."

मी टाकीकडे बघितलं. हाताला मिश्रीची डबी लागली. चष्म्याचं घर लागलं, पण त्यांना चष्मा घातलेलं मी कधी पाहिलं नाही. प्लॅस्टिकमध्ये घडी घातलेला एक कागद, खूप जुना, घडीवर मऊ झालेला. आणि एक लिंबू. लिंबू रोज असायचं, आणि रोज ताजं. एकदा धीर करून विचारलं, लिंबू कशाला? म्हणाल्या, "असावं." त्याहून जास्त मला आजपर्यंत कळलेलं नाही.

अशी तीन वर्षं गेली. मग नवीन सिक्युरिटी ऑफिसर आले.

साहेब तरुण होते, कामाचे होते, खोटं कशाला बोलू. त्यांनी कॅमेरे लावले, बसच्या वेळा नीट केल्या. पिशव्यांवर फिरवायचा एक दांडका आणला, धातू असला की पीं करणारा. तो पहिल्याच दिवशी दोनशे पिशव्यांवर दोनशे वेळा वाजला. डबे आले, चाप आले, पिना आल्या. पायातल्या पैंजणांना आणि जोडव्यांनाही वाजला. मावशी स्टुलावर बसून ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "सायेब, ह्याला समदंच चोरीचं वाटतंय." दांडका दोन दिवसांनी कपाटात गेला. पण साहेबांच्या मनात मावशींविषयी अढी बसली.

ते चौकीत उभे राहून बघायचे. एक दिवस आमच्यासमोरच म्हणाले, "मावशी, तुम्ही बघतच नाही आत. हे कसलं चेकिंग?"

टोपी डोक्यावर होती, म्हणून मावशींना ऐकू आलं नाही.

"मॅडम!" साहेब म्हणाले.

"बोला सायेब."

"तुम्हाला नीट दिसतं ना?"

"दिसतंय. म्हून तर बगत न्हाई."

त्यानंतर आठवडाभराने ते झालं. आमच्या पिशव्या आम्ही लाइनवर नेत नाही. कपडे बदलायच्या खोलीत रॅक आहे, तिथे ठेवतो. त्या दिवशी साडेतीनला मी नेहमीसारखी मागे उभी राहिले, तर साहेब स्वतः रांगेत आले आणि मला म्हणाले, "ताई, आज तुम्ही पुढे या." मला वाटलं, रोज मागे राहते म्हणून दया आली. मी पुढे गेले. पिशवी उघडून धरली. मावशींची नजर टाकीवर गेली, हात आत गेला.

हात थांबला.

नेहमी दहा मोजेपर्यंत तो बाहेर यायचा. या वेळी आला नाही. मावशींनी मान खाली केली आणि माझ्याकडे बघितलं. मग हात काढला. त्यात एक प्लॅस्टिकची पुडी होती, लिंबाएवढी, आणि आत पिवळी टर्मिनलं चमकत होती.

मागून कुणीतरी "अगं माय" म्हणालं. ती पुडी माझी नव्हती, पण मला नाही म्हणता येईना. माझं आतापर्यंतचं सगळं आयुष्य असं गेलंय की कुणी काही आळ घेतला की आधी मलाच वाटतं, आपण केलं तर नसेल?

साहेब म्हणाले, "काय निघालं?"

"टर्मिनलं," मावशी म्हणाल्या. "पन ही हिची न्हाईत."

"तिच्याच पर्समधून निघाली ना?"

"निघाली. हिनं ठिवली न्हाईत."

"कशावरून?"

"आतल्या छोट्या कप्प्यात हुती. त्या कप्प्याचं अस्तर फाटलंय. काय ठिवलं की ते खाली अस्तरात जातं, मग काढता काढता जीव जातो. सा म्हैने झालं, ही त्यात टिकलीचं पाकीट बी ठेवत न्हाई. जी रोज पिशवी वापरती ती चोरीचा माल तिथं ठिवंल? ज्यानं ठिवला, त्यानं ही पिशवी आज पयल्यांदा हातात घेतली."

हे अगदी खरं होतं. माझ्या घरच्या कुणालाही त्या कप्प्याचं माहीत नव्हतं.

"बरं, मग ती बाकीचं कुठे काय ठेवते?" साहेबांनी विचारलं.

"ते सांगनार न्हाई. ते तिचं हाय."

साहेब एकदम हसले. टाळ्या वाजवल्या. "पास! मॅडम, तुम्ही पास! टेस्ट होती. जेवणाच्या सुट्टीत मीच एका बाईला ती ठेवायला लावली होती. मला बघायचं होतं तुमच्या हाताला कळतं की नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, घाबरू नका. तुम्हाला मुद्दाम निवडलं. तुम्ही काही बोलणाऱ्या नाही ना, दुसरीने उगाच गोंधळ घातला असता."

ते हे हळू आवाजात बोलले. रांगेत पहिल्या चार-पाच जणींनी ऐकलं असेल. बाकीच्यांनी एवढंच बघितलं होतं की माझ्या पिशवीतून पुडी निघाली.

मावशींनी पुडी टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसल्या. दोन्ही हात मांडीवर.

"पुढची घ्या," साहेब म्हणाले.

"माझा हात दुखतोय."

"अहो बस उभ्या आहेत!"

"आसूद्या. आदी ते मोठ्यानं सांगा. मागपत्तूर ऐकू गेलं पायजे."

"उद्या नोटीस लावतो ना."

"पुडी आज निघाली. उद्या घरी जानाऱ्या बायका न्हाईत ह्या, आज जानाऱ्या हायत. आज बसमदी काय बोलत्याल त्या?"

साहेबांना स्वतः तपासता येईना, कारण बायकांच्या पिशवीला पुरुषाने हात लावायचा नाही. आम्हाला तसंच सोडताही येईना, कारण तपासल्याशिवाय कुणी बाहेर जायचं नाही. दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्याच्या वर पाटीवर लिहिलेल्या. आणि त्या दोन्हींच्या मध्ये मावशी स्टुलावर बसलेल्या. चार बसगाड्या हॉर्न द्यायला लागल्या. दुसऱ्या शिफ्टचे लोक बाहेर अडकले. बसचा माणूस धावत आला, "मॅडम, काय झालं?" तर मावशी म्हणाल्या, "गाडी खळ्यात सरळ घे आदी." साहेबांचा फोन दोनदा वाजला. मला वाटत होतं जमीन दुभंगावी. मी मावशींना हळूच म्हणाले, "जाऊ द्या ना, माझं काही नाही."

"तुझं न्हाई ते," त्या म्हणाल्या. "तू गप ऱ्हा. तुला जमतं ते."

शेवटी साहेब रांगेकडे तोंड करून म्हणाले, "ती पुडी टेस्टसाठी ठेवली होती."

"मागं ऐकू गेलं न्हाई."

ते पुन्हा बोलले, मोठ्याने.

"कुनाच्या पिशवीत, कुनी? नाव घिऊन."

साहेबांना माझं नाव माहीत नव्हतं. त्यांनी माझ्या गळ्यातलं कार्ड उलटून वाचलं, मग माझं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाले, "यांच्या पर्समध्ये ती मी ठेवायला लावली होती. यांचा काही दोष नाही." माझं नाव इतक्या मोठ्याने कुणी घेतलेलं मी शाळेतल्या हजेरीनंतर पहिल्यांदाच ऐकलं.

मावशी उठल्या. हात धुऊन आल्या. "चला, पुढची," म्हणाल्या, आणि नजर टाकीवर.

दुसऱ्या दिवशी चौकीत दुसरीच बाई होती. मावशींना घरी बसायला सांगितलं होतं. गेट अडवलं, बस वीस मिनिटं उशिरा सुटल्या, दुसरी शिफ्ट उशिरा लागली. चौकशी होणार म्हणाले.

तिसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. मी त्या खोलीत आधी कधी गेले नव्हते. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. एक छापलेला कागद पुढे ठेवला. "ताई, इथे सही करा. तुमच्या भल्यासाठीच आहे. काही लिहायचं नाही, फक्त सही."

सही मी आतापर्यंत न वाचताच करत आले. ठेकेदाराचा कागद असो नाहीतर बँकेचा, बोट ठेवतील तिथे. त्यातून माझा करार त्याच महिन्यात संपत होता आणि नवा करायचा की नाही ते याच इमारतीत ठरणार होतं. कासारवाडीची खोली, मुलीची दहावी, सगळं डोळ्यापुढे आलं. मी पेन घेतलं. पण मग वाटलं, माझ्याबद्दल मावशी दोनशे बायकांसमोर बोलल्या, तर निदान काय लिहिलंय ते तरी बघू.

मी वाचायला लागले. माझं शिक्षण चौथी. मला छापील मराठी वाचता येतं, पण वेळ लागतो. शब्दाखाली बोट धरून वाचलं. लिहिलं होतं की सदर महिला सुरक्षा कर्मचारी आमच्या पर्समधील खासगी वस्तू अनुचित प्रकारे हाताळतात, त्या लक्षात ठेवतात व त्याची इतरांसमोर वाच्यता करतात, त्यामुळे मला लज्जा व मनस्ताप झाला असून माझी तक्रार आहे. 'वाच्यता' मला कळलं नाही, ते विचारलं. साहेबांनी सांगितलं. चहावर साय धरली तरी मी वाचतच होते. दोनदा वाचलं.

मग पेन कागदावर ठेवलं आणि कागद त्यांच्याकडे सरकवला.

"सही नाही करत."

"का? तुमच्या पर्समधल्या फाटक्या कप्प्याचं सगळ्यांसमोर सांगितलं ना त्यांनी? मग खोटं काय आहे यात?"

साधारण अशा वेळी माझं तोंड बंद होतं. त्या दिवशी का उघडलं माहीत नाही. मी त्यांच्याकडे न बघता, खिडकीकडे बघून बोलले, तसं सोपं गेलं.

"साहेब, तीन वर्षं त्यांचा हात रोज माझ्या पिशवीत गेलाय. मला कधी लाज वाटली नाही. तुमचा एकदाच गेला."

मी उठले, खुर्ची आत सरकवली आणि लाइनवर गेले. त्या दिवशी माझे दोन जुडगे रिजेक्ट झाले.

माझ्यानंतर आणखी पाच जणींना बोलावलं होतं. त्यांनी आत काय केलं ते मी विचारलं नाही, त्यांनी मला विचारलं नाही. पण पुढच्या सोमवारी साडेतीनला रांग नेहमीपेक्षा पटपट सरकत होती, आणि पुढे बायकांचा हसण्याचा आवाज येत होता. मान उंच करून बघितलं तर पदरावरची टोपी दिसली.

माझी पाळी शेवटी आली. मी पिशवी उघडून धरली. मला वाटलं आज काहीतरी बोलतील, निदान हसतील. त्यांची नजर टाकीवर गेली. हात आत गेला, सगळीकडे फिरला, एक एक वस्तू चाचपली, फाटक्या कप्प्यातही दोन बोटं घालून बघितलं, बाहेर आला. मी पिशवी बंद करायला लागले.

"थांब. उघड."

मी उघडली.

"सायबाम्होरं बोललीस म्हनं?"

"व्हय," मी म्हणाले. माझ्या तोंडून त्यांच्यासारखंच निघालं.

"मग आता तुला मोकळं सोडीन आसं वाटलं का?"

आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून हात फिरवायला सुरुवात केली. बसवाला हॉर्न देत होता. मी पिशवी दोन्ही हातांनी रुंद उघडून धरली आणि उभी राहिले.